आपल्या पालकांना विचारा

कायद्यानं, गुडघ्यांनी आणि आरशानं माझं वय पंचावन्न आहे. माझ्या नव्या फोनच्या मते ते आठ आहे. आणि फोनचं म्हणणं असं, की यावर काही वाद घालायचा असेल तर आधी आपल्या पालकांना विचारा.

आता ज्या माणसाची उभी हयात लोकांची जन्मतारीख दुरुस्त करण्यात गेली, त्याच्याच नशिबी हे यावं, याला काय म्हणायचं? मी जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत आहे. मी जन्म बघतो, शेजारच्या टेबलावरच्या बाई मृत्यू बघतात. बाईंचं टेबल नेहमी आवरलेलं असतं, कारण त्यांच्याकडे येणारी मंडळी शांत असतात. माझ्याकडे येणारे भांडतात. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाच्या बापाचं. मी त्यांना सांगतो, पुरावा आणा. आमच्या खिडकीचा एक जुना नियम आहे, विचारलं तेवढंच सांगायचं. न विचारलेलं सांगितलं की रांग वाढते.

तर मुद्दा फोनचा. मला फोन नको होता. माझा बटणांचा जुना फोन दोनदा बादलीत पडूनही बोलत होता. पण ताई ऐकेना. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी दप्तर सांभाळण्याच्या वयाचा होतो आणि ताई वेणी घालण्याच्या. त्यानंतर तिनं मला वाढवलं, मग शाळेत मास्तरीण होऊन दुसऱ्यांची पोरं वाढवली, मग स्वतःची मुलगी वाढवली. आता ती मुलगी, म्हणजे माझी भाची, परदेशात आहे. तिनं आईला कायमचं तिकडं बोलावलं होतं. ताईचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. कचेरी सुटली की आधी ताईकडे चहा आणि मग घर, हा माझा रस्ता इतका ठरलेला, की पाय आपणहून वळतात. ताई जाणार म्हटल्यावर मी सगळ्यांना सांगत होतो, "जावंच तिनं, लेकीजवळ सुख आहे." आणि मनात म्हणत होतो, जाऊ नये. अजिबात जाऊ नये.

"तिकडून तुझं तोंड दिसलं पाहिजे मला," ताई म्हणाली. "नुसत्या आवाजावर माझा विश्वास नाही. तापानं फणफणला असलास तरी बरा आहे म्हणतोस." म्हणून ती मला हाताला धरून मोबाइलच्या दुकानात घेऊन गेली. हाताला धरून हे मी शब्दशः सांगतोय. वाटेत रस्ता ओलांडायचा होता.

दुकानात कसल्याशा सवलतीची जाहिरात भोंग्यावर चालली होती. काउंटरवरच्या मुलीनं फोन सुरू केला. मी सांगितलं, भाषा मराठीच हवी. ती म्हणाली, मिळेल. मग मी फोनला कव्हर कुठलं घालायचं हे बघायला बाजूला वळलो, आणि माझ्या पाठीमागे माझं आयुष्य ठरलं.

"नाव काय टाकू?" मुलीनं विचारलं. तिची मान खाली.

"बाळ," ताई म्हणाली.

आता बाळ हे काही माझं नाव नाही. माझं कागदावरचं नाव चांगलं चार अक्षरी, भारदस्त आहे. पण ताईनं ते कधी उच्चारलेलं नाही.

"जन्मसाल?"

"सत्तर," मी कव्हरांच्या ढिगातून ओरडलो.

"सतरा," मुलीनं भोंग्याच्या गोंगाटात ऐकलं आणि दाबलं. "मग पालक कोण?"

"मीच की," ताई म्हणाली. "आई गेल्यापासून मीच बघते त्याचं."

मुलीला भरून आलं असावं. आवाज मऊ झाला. "फोन त्याच्याच हातात राहणार?"

"राहील त्याच्याच हातात, पण लक्ष माझं."

"बरोबर आहे आजी. हल्ली ठेवावंच लागतं. तुमचा नंबर सांगा." मग मान वर करून तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा पण अंगठा घालून ठेवते, म्हणजे घरात कुणालाही उघडता येईल."

सगळी उत्तरं खरी होती. एकही माणूस खोटं बोललं नाही. मला फक्त 'आजोबा' या शब्दाचं वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्यात बाकी काही लक्षातच आलं नाही.

फोन दिसायला मात्र राजबिंडा होता, हे कबूल केलं पाहिजे. काच अशी, की तिच्यात भांग पाडावा. मी पहिल्या दिवशी बायकोचा एक फोटो काढला. तो इतका स्पष्ट आला, की तिनं तो पुसायला लावला. फोन मला बाळ म्हणून हाक मारत होता, तेही मला गोड वाटलं. ताईनं घातलेलं नाव, म्हटलं असू दे.

संध्याकाळी बातम्या उघडल्या. फोन म्हणाला, 'हा मजकूर तुमच्या वयास योग्य नाही.' मी बायकोला म्हटलं, "बघ, किती विचारी यंत्र आहे. या वयात रक्तदाब वाढतो बातम्यांनी." ती म्हणाली, "तुम्हाला एवढं कळत नव्हतं ते फोनला कळलं."

मग कचेरीच्या हजेरीचं ॲप घ्यायला गेलो. फोन म्हणाला, 'आपल्या पालकांना विचारा. विनंती पाठवली आहे.' थोड्या वेळानं, 'पालकांनी विनंती नाकारली.' मी चक्रावलो. माझे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते असते तर नाकारलीच असती, तो भाग वेगळा, पण आता वरून कोण नाकारतंय?

नाकारत होती ताई. भाचीनं तिला पक्कं पढवलं होतं, "आई, फोननं काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. जग चोरांचं आहे." ताई विद्यार्थिनीही उत्तम. तिच्या फोनवर आलं, 'बाळला हे हवे आहे, द्यायचे का?' तिनं दाबलं, नाही. नकाशा? नाही. बँक? नाही. गाण्यांचं ॲप? नाही. सामान बांधता बांधता तिनं माझ्या सगळ्या इच्छा एका बोटानं मारल्या.

रात्री जेवण होतंय तोच फोन काळा पडला. वर चंद्र आणि चांदण्या आल्या, आणि एका बाईनं अत्यंत लडिवाळ आवाजात सांगितलं, "बाळ, आता झोपण्याची वेळ झाली. उद्या भेटू!" बायको हसत हसत स्वयंपाकघरात गेली ती भांडी घासून झाल्यावरच बाहेर आली. माझं ताट तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तीच मुलगी. तिनं फोन बघितला, मला बघितलं, पुन्हा फोन बघितला. "अय्या," ती म्हणाली, "म्हणजे बाळ तुम्हीच?" मी म्हटलं, मीच. तिला फार वाईट वाटलं. पण म्हणाली, "एकदा खातं उघडलं की आमच्या हातात काही नसतं. पुसून नवीन करायला गेलं तरी पालकांची परवानगी मागतो. तुम्ही त्यांना घेऊन या ना." शाळेतल्या हेडमास्तरांनी हेच वाक्य म्हटलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच मी ते ऐकत होतो.

आमच्या इमारतीत सल्ल्याला तोटा नाही. सगळ्यात मोठा सल्ला समोरच्या वकीलसाहेबांचा. त्यांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली, वकिलीनं त्यांना सोडलेलं नाही. त्यांनी फोन हातातही घेतला नाही. डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "प्रकरण स्पष्ट आहे. तुम्ही अज्ञान आहात."

"अहो, मी कचेरीत मुख्य लिपिक आहे."

"तसं नव्हे हो. कायद्यात अठराच्या आतला तो अज्ञान. तुमची बहीण झाली अज्ञान पालनकर्ती. आणि अज्ञान माणसानं केलेला करार मुळातच रद्द असतो. म्हणजे फोनची खरेदी रद्द! फक्त एक अडचण आहे. दावा लावायचा तर तो तुम्हाला लावता येणार नाही. अज्ञानाच्या वतीनं पालनकर्तीनंच लावावा लागतो."

"हे अज्ञान आहेत हे मला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं," बायको दारातून म्हणाली. "कायद्याला फार उशीर लागला."

शेवटी मदत केंद्राला फोन लावला. बायकोच्या फोनवरून, कारण माझ्या फोननं अनोळखी नंबरशी बोलायला मनाई केली होती. पलीकडचा गृहस्थ फार सभ्य होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाळ, जवळ कुणी मोठं माणूस आहे का?" मी घसा खाकरून माझा कचेरीतला आवाज काढला. मग त्यानं मला सर म्हटलं आणि सांगितलं, जन्माचा दाखला पाठवा.

जन्माचा दाखला! मला हसूच फुटलं. म्हणजे माशाला पोहण्याची परीक्षा. पण गंमत अशी, की स्वतःचा दाखला स्वतः देता येत नाही. तो द्यावा लागला मृत्यूच्या टेबलावरच्या बाईंनी. आणि बाईंनी मला, तीन पावलांवर बसणाऱ्या मला, खिडकीच्या बाहेर उभं केलं. "नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "पुरावा आणलाय?" रांगेतले दोघे मला ओळखून खूश झाले. त्यातल्या एकाला मी आदल्या दिवशीच परत पाठवलं होतं.

दाखला गेला. उत्तर आलं, 'दाखल्यावरील नाव खात्यावरील नावाशी जुळत नाही. बाळ यांचा दाखला पाठवावा.' आता आणा! बाळ या नावाचा एकही कागद माझ्याकडे नाही. मी बाळ असल्याचा या जगात एकच पुरावा होता आणि तो चार दिवसांनी विमानात बसणार होता. केंद्रातला गृहस्थ म्हणाला, "मग एकच मार्ग आहे, सर. पालकांनी त्यांच्या फोनवरून पालकत्व सोडायचं. एक बटण आहे." मी विचारलं, "आणि व्हिडिओवर बोलणं? त्याच्यासाठीच घेतलाय हो फोन." तो म्हणाला, "लहान मुलांच्या खात्यावर ते बंदच असतं."

म्हणजे बटण दाबलं नाही, तर ताईला माझं तोंड दिसणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाच तिचं तोंड दिसणार नव्हतं.

ताईला सांगायला जायचं ठरवलं होतं. पण त्याआधी दोन गोष्टी घडल्या. पहिली चौकात. तळणाच्या गाडीवर कढईतून गरमागरम काहीतरी निघत होतं, मी नुसता उभा होतो. फोन वाजला. "बाळ," ताई म्हणाली, "तू चौकात काय करतोयस? डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलंय ना?" मी हातात घेतलेला तळणाचा कागद खाली ठेवला. तिच्या फोनवर मी निळ्या ठिपक्याच्या रूपात हिंडतोय हे तिला कळलं होतं, आणि आता ती सामान बांधायचं सोडून ठिपका बघत बसत होती.

दुसरी गोष्ट साहेबांच्या खोलीत. बैठक चालली होती. साहेब मागच्या वर्षातल्या जन्मांबद्दल गंभीरपणे बोलत होते. माझ्या खिशातून लडिवाळ बाई म्हणाली, "शाबास, बाळ! शाळेची वेळ संपली. घरी पोहोचल्यावर पालकांना नक्की कळवा!"

साहेबांनी चष्मा काढला. "पोहोचलात," ते म्हणाले, "की मलाही कळवा."

मी तिथून तडक ताईकडे गेलो. संताप नाकाच्या शेंड्यावर होता. ताई तीन उघड्या बॅगांच्या मध्ये जमिनीवर बसली होती. चहाचा कप माझ्यासाठी झाकून ठेवलेला होता, तो मला दिसला, तरी मी बोललो. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? जगात हसं झालं माझं! आजपासून मला बाळ म्हणायचं नाही. कुणासमोरही नाही!"

एक साडी घडी केलेली होती, तीच तिनं उलगडून पुन्हा घडी केली. मग म्हणाली, "बरं. मोठे झालात."

मोठे झालात! मला ताईनं अहोजाहो केलं! तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी चहा पिऊन घरी गेलो असतो. मी न पिताच निघालो. आणि बटणाचं सांगायचं राहूनच गेलं.

नंतरचे दिवस तिचा फोन नाही. मी मुद्दाम चौकात तळणाच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. ठिपका तिला दिसत असणारच. फोन वाजला नाही. गाडीवाला म्हणाला, "देऊ का?" मी म्हटलं, "नको रे, इच्छा गेली."

विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो. ताई सामानाच्या गाडीमागे उभी. चष्मा नाकावर, पदर खोचलेला, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी. बायकोला तिनं जवळ घेतलं, कानात काहीतरी सांगितलं. मग कुणालातरी हाक मारली. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मागे कोणी नव्हतं. तिनं मलाच हाक मारली होती. माझ्या चार अक्षरी, कागदावरच्या नावानं. तिच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि आपलं नाव इतकं परकं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"काहीतरी बटण दाबायचं आहे म्हणे," ती म्हणाली. "तुझ्या बायकोनं सांगितलं. आण, दाखव कुठलं."

मी तिच्या फोनवर मदत केंद्रानं सांगितलेली जागा काढून दिली. ताईला कुठलीही सूचना मोठ्यानं वाचायची सवय आहे. तिनं वाचलं, "बाळ यांचे पालकत्व तुम्ही कायमचे सोडू इच्छिता? ही कृती परत फिरवता येणार नाही."

तिचं बोट वर थांबलं. मागची माणसं गाड्या घेऊन पुढे सरकायला लागली. दारातला पहारेकरी म्हणाला, "आजी, चला."

"कायमचं कशाला लिहिलंय मेल्यांनी?" ताई म्हणाली.

"ताई, दाब ना. नाहीतर दिसणार नाही मी तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला काही दिसत नाही इथलं. माझा चष्मा बॅगेत राहिलाय."

चष्मा तिच्या नाकावर होता. मी त्याच्याकडे बघितलं, पहारेकऱ्यानंही बघितलं. ताईनं फोन पिशवीत टाकला, गाडी ढकलली आणि आत गेली. काचेच्या आतून तिनं एकदा हात केला. मी केला की नाही, आठवत नाही. बायको म्हणते, केला होता, दोन्ही हातांनी.

पुढचे दोन दिवस मी कचेरीतून सुटलो की पाय दोन गल्ल्या सोडून वळायचे आणि कुलूप बघून परत यायचे. ताई सुखरूप पोहोचल्याचा निरोप भाचीनं बायकोच्या फोनवर दिला. माझा फोन टेबलावर गप्प पडला होता. मी त्याला बोललोसुद्धा, "तू तरी काय करणार बाबा, तुला सत्तर ऐकूच आलं नाही."

तिसऱ्या दिवशी जेवायला बसणार इतक्यात लडिवाळ बाई म्हणाली, "बाळ, आनंदाची बातमी! तुमच्या पालकांनी एक व्यक्ती मंजूर केली आहे." आणि फोन वाजायला लागला. हिरवं दाबलं तर काचेवर एक भलं मोठं कपाळ आलं. कुंकवाच्या टिकलीवरून ओळखलं.

"दिसतोय का गं हा?" कपाळ म्हणालं. मागून भाचीचा आवाज आला, "आई, फोन लांब धर." कपाळ मागे गेलं, चष्मा आला, मग नाक, मग अख्खी ताई आली.

म्हणजे लहान मुलांनाही पालकांनी मंजूर केलेल्या एका माणसाशी बघून बोलता येत होतं! हे केंद्रातल्या गृहस्थानं सांगितलं नव्हतं. कारण मी ते विचारलं नव्हतं. आता त्याच्यावर कुठल्या तोंडानं रागावणार?

भाचीच मध्ये डोकावली. "मामा, काय हा गोंधळ! थांबा, मी आईच्या फोनवरून आत्ता करून टाकते. दोन मिनिटांत तुम्ही सज्ञान."

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे," ताई म्हणाली.

दोघंही एकदमच बोललो. भाची म्हणाली, "कमाल आहे तुमची," आणि गेली कामाला.

मी बोटांवर हिशेब केला होता. फोनच्या मते मी अठरा पूर्ण करीन तेव्हा मी निवृत्त होऊन पेन्शन खात असेन. एवढ्यात सज्ञान होण्याची घाई कुणाला आहे? हजेरीचं ॲप ताईनं मंजूर केलं. बातम्या नाही केल्या. तळणाच्या गाडीचा विषय तिनं आपणहून काढला, "त्या दिवशी किती वेळ उभा होतास रे तिथं? सारखं बघत होते मी. खाल्लंस का?"

"नाही खाल्लं."

"शहाणा आहेस."

इतक्यात चंद्रचांदण्या आल्या. लडिवाळ बाई म्हणाली, "बाळ, झोपण्याची वेळ झाली." चित्र काळं व्हायला लागलं, तशी मी घाईघाईनं फोन तोंडाशी धरला. "ताई! अगं, बंद होतोय! ताई!"

ताईच्या खोलीत तिकडं उजाडलेलं होतं. तिनं चष्मा नीट केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं काहीतरी दाबलं. या खेपेला तिनं 'नाही' दाबलं नव्हतं.

'पालकांनी वेळ वाढवून दिली आहे,' फोन म्हणाला.

ताईचं तोंड पुन्हा उजळलं. "हं, बोल बाळ," ती म्हणाली. "जेवलास का?"